कणकेचा गोळा आणि पदवी

लातूरहून नांदेडला निघालेली एसटी अहमदपूर मागे टाकते आणि लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागतं. माझी पहिली शाळा तिथली. मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरली की आबा मला खांद्यावर घेऊन जायचे. घोडे-गाढवांचा बाजार ओलांडला की पलीकडे तमाशाचे तंबू, देवळाच्या अंगाला वाघ्या-मुरळी. आज जिल्हा परिषद तिथं लावणी महोत्सव भरवते. तेव्हा रात्रभर तंबूबाहेर उभं राहून आम्ही ढोलकीचे बोल पाठ करायचो.

दुसरी शाळा गावातल्या सप्ताहाची. आबा पखवाज वाजवत. भजन सुरू होण्याआधी डाव्या पुडीला कणीक लावायचं काम माझं. कणीक भिजवायची, हात ओला करून गोळा पुडीच्या मधोमध पसरायचा, थाप मारून बघायची. गोळा कमी पडला तर नाद कोरडा, जास्त झाला तर दबलेला. आबा नुसती मान हलवायचे; मी चिमूटभर काढायचो, पुन्हा थाप. कान तयार होतो तो असा.

पुढं पेटी शिकायला लागलो आणि परीक्षा आल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथं गाण्याला वर्ग आले, वेळापत्रक आलं. 1931 मध्ये ते गेले आणि त्यांच्या शिष्यांनी स्थापलेल्या मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा गावोगाव पोचल्या. लेखी पेपरात मी पहिल्यांदा अडखळलो तो एका टिंबापाशी. पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब म्हणजे तार! सप्ताहात ऐकून गाणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? ते गुरूकडूनच कळतं, आणि आमच्या भागात गुरू थोडे. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर होते; नाथराव नेरळकर त्यांचेच शिष्य.

आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, माध्यम उर्दू. मराठी मुलानं तिथवर जायचं ते वकील व्हायला; गाण्या-नाटकासाठी कोण पाठवणार? नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 चं. तिथं नरहर कुरुंदकरांसारखा माणूस भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहीत-बोलत राहिला, पण रंगभूमीची रीतसर पदवी नांदेडात नव्हती. 1958 ला औरंगाबादेत विद्यापीठ झालं, पुढं तिथं नाट्यशास्त्र विभाग आला. आमच्यापासून तेही दूरच. 17 सप्टेंबर 1994 ला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला उभं राहिलं, लातूर त्याच्याच कक्षेत. विष्णुपुरीच्या त्या आवारात आज ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. सरकारी विद्यापीठाच्या छपराखाली नाटक आणि संगीत शिकता येतं, ही माझ्या लेखी साधी गोष्ट नाही. आबांच्या पिढीत वाजवणाऱ्याला लोक बिदागी देत, विद्वान कुणी म्हणत नसे.

गुरुद्वारा हजूर साहिबही याच नांदेडात. गुरू ग्रंथ साहिबची रचना 31 रागांनुसार आहे. तिथं कीर्तन ऐकून बाहेर पडताना मला नेहमी वाटतं, विद्यार्थ्यांनी इथंही येऊन बसावं. तसंच माळेगावच्या ढोलकीवाल्याला संकुलात शिकवायला बोलवावं, मानधन देऊन, खुर्चीवर बसवून. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, बोल आहेत.

मी तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. माझ्यानंतर त्या शाळेत संगीत शिक्षक आला नाही. पेटी कपाटात आहे. लातूरच्या शिकवण्यांचं नाव सगळीकडे आहे, मेडिकलला मुलं लागतात, आनंद आहे. पण घरात एखादी मुलगी डबे वाजवून ताल धरत असेल, तर बारावीनंतरचे अर्ज भरताना विष्णुपुरीचाही एक अर्ज भरा.