आकाशांतील डोळा आणि जमिनीवरील विमानें



नृसिंहवाडीच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे पंचगंगा कृष्णेला कोठें मिळते तें दिसतें. परंतु संगमाचा सबंध आकार कांहीं एका दृष्टींत मावत नाहीं. त्यासाठीं उंचावरच जावें लागतें. युद्धशास्त्रानें हीच साधी गोष्ट ओळखली आणि कॅमेऱ्याला पंख दिले. ज्या कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं स्वहस्तें चलच्चित्राचा कॅमेरा घडविला, त्या प्रांतीच्या श्रोत्यांस चित्राचें सामर्थ्य निराळें सांगावयास नकोच.

विमानतळ आणि छायाचित्र यांचें नातें मोठें चमत्कारिक आहे. आपल्या तळावरील विमानाचें चित्र चोरून घेणें हा अपराध, तर शत्रूच्या तळावरील विमानांचें चित्र चोरून आणणें हा पराक्रम! १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्यानें हवाई दलाचे तळ निषिद्ध स्थळांत घातले आणि 'रेखाचित्र' या शब्दाच्या व्याख्येंत छायाचित्रहि बसविलें. राज्याच्या सुरक्षिततेस बाधक अशा हेतूनें तेथें चित्र घेणारास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो.

एवढी कडक शिक्षा कां? कारण एका चित्रांत फार मोठी माहिती सामावते. तळावर विमानें किती, कोणत्या जातीचीं, धांवपट्टी किती लांब, हें सारें जाणत्याला त्यांत वाचतां येतें. मात्र हें वाचन सोपें नव्हे. छत्तीस इंच केंद्रांतराचें भिंग छत्तीस हजार फुटांवरून चित्र घेई, तेव्हां वस्तूचा आकार बारा हजारपट लहान होई. चाळीस फूट पंखांचें हरिकेन विमान त्यांत इंचाचा पंचविसावा भाग, म्हणजे मोहरीएवढा ठिपका! म्हणून लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारें साठ टक्के भाग समाईक ठेवीत. अशी जोडी दुहेरी भिंगांच्या यंत्राखालीं पाहिली कीं उंचसखलपणा डोळ्यांपुढें उभा राहतो. जें पंखांवरून कळत नाहीं, तें कित्येकदां सावलीवरून कळतें. १९४३ च्या अखेरीस कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या इंग्रज बाईंनीं जर्मनीच्या पेनेम्युंड तळाच्या चित्रांत असेंच एक चिमुकलें विमान उताराच्या मार्गावर हुडकलें. १९४४ च्या जूनपासून लंडनवर कोसळूं लागलेला 'व्ही-१' तो हाच.

हीं चित्रें आणणाऱ्यांचें काय? १९३९ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं स्पिटफायर विमानांतील मशीनगन काढून तेथें कॅमेरे बसविले. वेग आणि उंची हेंच त्यांचें शस्त्र. अशा वैमानिकाचा धर्मच उलटा. शत्रू दिसला तर लढावयाचें नाहीं, निसटावयाचें. तो परत आला नाहीं तर त्याचें चित्रहि येत नाहीं, आणि मग सारें धाडस व्यर्थ जातें.

हिंदी वैमानिकांनींहि हा धर्म पाळला. १९४४ सालीं इम्फाळ येथें स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांची पहिली तुकडी हरिकेन विमानांतून टेहळणी करी. विमानें जोडीनें जात. एकानें जमीन पाहावयाची, दुसऱ्यानें आकाश राखावयाचें. साथीदारावर केवढा हा भरंवसा! पुढें स्वतंत्र भारतांत विंग कमांडर जगमोहन नाथ यांनीं कॅनबेरा विमानांतून, प्रथम तिबेटच्या सीमेवर आणि १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानावर, बिनहत्यारी आणि बिनसंरक्षण उड्डाणें केलीं. त्यांना दोनदां महावीरचक्र लाभलें.

तथापि ही विद्या केवळ संहाराची नव्हे. नदी चढून पादुकांवरून वाहूं लागली कीं वाडीला दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. भाविक त्या पाण्यांत स्नान करून कृतार्थ होतात. परंतु १९६५ च्या त्या उड्डाणांनंतर चौपन्न वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टांत, तेंच पाणी महापूर होऊन शिरोळ तालुक्यांत पसरलें. तेव्हां उपग्रहांच्या चित्रांवरून पूरक्षेत्राचे नकाशे काढण्यांत आले. उंचावरून पाहावयाचें, दोन चित्रें ताडून पाहावयाचीं आणि ठिपक्यांतून अर्थ काढावयाचा, ही रीत युद्धांतलीच. पूर्वी ठिपका सांपडे तो नष्ट करण्यासाठीं. आतां पाण्यानें वेढलेलें गांव सांपडतें तें वांचविण्यासाठीं. ज्यांनीं ही विद्या प्राण पणाला लावून वाढविली, त्यांचें ऋण घाटावर उभे राहणाऱ्या आपणांवरहि आहे.