खरेदीखतात लिहिलेली किंमत : टिळकवाडीतल्या एका घराचे तीन कागद

टिळकवाडीतल्या घरांचा विषय निघाला की आपल्या मंडळात कुणी ना कुणी जुनं खरेदीखत काढतोच. काही शे रुपये, फार तर दीड-दोन हजार. मग सगळे हळहळतात, ‘काय स्वस्ताई होती!’ मीही हळहळलो आहे. पण आमच्या घरचा मोडी दस्त वाचून घेतल्यापासून त्या आकड्यावर माझा तितका विश्वास राहिलेला नाही.

आधी साधी गोष्ट. रुपया म्हणजे कुठला रुपया? 1927 च्या चलन कायद्यात शुद्ध सोन्याचा दर तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै असा बांधलेला होता. म्हणजे त्या सुमाराला दोन हजारांचं घर हे साधारण 94 तोळ्यांचं घर. आजच्या भावाने गुणून पाहा, स्वस्ताई बरीच उतरते.

दुसरं मोजमाप. आपल्याकडे जागा गुंठ्यावर बोलतात. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. दस्तात ‘घर’ एवढंच असेल, तर परसू, विहीर, मागची मोकळी जागा धरली की नाही हे चतुःसीमा वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरं, आत कोण राहत होतं? म्हैसूर राज्यात गेल्यावर 1961 चा भाडे नियंत्रण कायदा इथे आला. भाडेकरू बसलेलं घर आणि रिकामं घर यांची किंमत शेजारी शेजारी असूनही एक नसायची. शिवाय स्टॅम्प वाचवायला किंमत कमी दाखवायची रीत होतीच. सरकारला गाइडन्स व्हॅल्यू ठरवावी लागली ती उगाच नाही.

आता आमच्या घराचं. आत्या सांगायची, ‘तुझ्या पणजोबांनी नडलेल्या माणसाचं घर घेतलं, त्याची अब्रू वाचवली.’ किंमत कमी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती आमची पुण्याई, असंच आम्ही धरून चाललो. दस्त 1929 च्या आधीचा. ट्रंकेत त्याच्याबरोबर आणखी दोन कागद घडी करून ठेवलेले होते. एक करार : पाच वर्षांत रक्कम परत केली तर घर परत लिहून देऊ. दुसरी भाडेचिठ्ठी : तोवर विकणाराच त्या घरात भाड्याने राहील. भाडं किमतीशी ताडून पाहिलं, तर नेमकं दरमहा शेकडा 1 रुपया निघालं. ते भाडं नव्हतं, व्याज होतं. आणि खरेदीखतातली ‘किंमत’ म्हणजे कर्जाची रक्कम.

याला मुदत खरेदी म्हणत. सरळ गहाण लिहिलं, तर सोडवून घ्यायचा हक्क आला आणि 1908 च्या मुदतीच्या कायद्याने त्यासाठी 60 वर्षं होती. सावकाराला ते परवडत नसे. म्हणून विक्री दाखवायची आणि अट वेगळ्या कागदावर घालायची. 1929 मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा दुरुस्त झाला : अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. आमचे कागद त्याच्या आधीचे, म्हणजे त्या माणसाला कोर्टात दाद मागायची वाट मोकळी होती. तो गेला नाही. पाच वर्षं संपली आणि त्याने घर सोडलं.

पणजोबांनी बेकायदा काही केलं नाही. तेव्हा असे व्यवहार सर्रास होत. पण ‘अब्रू वाचवली’ हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. ते कुटुंब पुढे कुठे गेलं, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मंडळींना एक विनंती. टिळकवाडीच्या दरांचा तक्ता करायला घेतलाच आहे, तर नुसता दस्तातला आकडा उतरवू नका. खरेदीनंतरही विकणारा त्याच घरात राहिला का, हे बघा. राहिला असेल तर तो आकडा घराच्या किमतीच्या रकान्यात घालू नका, त्याला वेगळा रकाना करा. आणि घरच्या ट्रंकेतला बाजूचा कागद, निरुपयोगी म्हणून, टाकू नका. आमचा रकाना मी स्वतःच भरून देतो.