शेवाळाची जुनी सेवा आणि नवे ओझे

घाटाच्या पायरीवर पाय घसरला की आपण शेवाळाला बोल लावतो. हौदात ते माजले की हौद घासून काढतो. पण याच शेवाळाने माणसाचे सांडपाणी निवळण्याची मोठी कामगिरी बजावली आहे. आता पाण्यात उतरलेली औषधे काढण्याचे कामही त्याच्यावर सोपवावे, असा विचार चालू आहे. ते त्याला कितपत झेपेल? त्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

१८९० साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने क्लोरेला नावाचे सूक्ष्म हिरवे शेवाळ वेगळे काढून वाढविले. पुढे १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरॉल्ड गोटास यांनी सांडपाण्याच्या तळ्यांतील शेवाळाच्या कामाचे शास्त्र मांडले. ते मोठे गमतीचे आहे, बरं का! तळ्यातले जंतू मैला खातात. त्यांना प्राणवायू हवा असतो. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि जंतूंनी सोडलेला कर्बवायू आपण घेते. दोघांचा संसार असा एकमेकांच्या आधाराने चालतो आणि पाणी निवळते. यंत्राने हवा फुंकावी लागत नाही.

ऊन तर आपल्याकडे हवे तेवढे! १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. तीच आजची ‘नीरी’. अशा तळ्यांची भारतातील रचना, बांधणी व देखभाल यांवरचे पुस्तक तिने १९७० साली काढले.

तोवर शत्रू एकच होता, तो म्हणजे मैला. पण आपण घेतलेली गोळी सगळीच अंगी लागत नाही. तिचा काही भाग लघवीवाटे गटारात जातो. १९७७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात अ‍ॅस्पिरिनचा आणि रक्तातील चरबी उतरविणाऱ्या एका औषधाचा अंश सापडला. त्याहून धक्कादायक बातमी २००७ साली आपल्याच देशातून आली. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका शुद्धीकरण केंद्रात येत असे. स्वीडनचे शास्त्रज्ञ जोआकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनी तेथून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुनाशक औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते औषधाला दाद न देणारे होतात. मग उद्या आजारी माणसाला द्यावयाचे काय?

येथे पुन्हा शेवाळाची आठवण झाली. ते औषध तीन प्रकारे काढते. काही रेणू त्याच्या पेशींच्या भिंतीला चिकटतात. वाळवून केलेली शेवाळाची पूडही हे काम करते. काही रेणू पेशीच्या आत जातात. आणि काहींचे जिवंत शेवाळ तुकडे करते. शिवाय उथळ तळ्यात सूर्यप्रकाशानेही काही औषधे मोडतात.

मात्र सगळीच औषधे अशी वश होत नाहीत. अपस्मारावर देतात ते कार्बामाझेपिन मोठे चिवट. ते बरेचसे जसेच्या तसे पुढे जाते. जंतुनाशक औषधे फार झाली तर शेवाळाचीच वाढ खुंटते. निळ्या-हिरव्या जातीला तर ती विशेष बाधतात. आणि औषध नुसते पेशीला चिकटले, तर ते नाहीसे झाले असे नव्हे. ते पाण्यातून निघून शेवाळात बसले, इतकेच. तसले शेवाळ खत किंवा चारा म्हणून वापरले, तर एका दाराने घालविलेला पाहुणा दुसऱ्या दाराने घरात येईल.

मैला हे शेवाळाच्या तळ्याचे अन्न होते. औषध हे ओझे आहे. या इतिहासातून घ्यावयाचा बोध एवढाच. शेवाळाची मदत अवश्य घ्यावी. पण कारखान्याचे औषध कारखान्याच्या दारातच अडविणे आणि उरलेल्या गोळ्या मोरीत न टाकणे, ही कामे माणसाचीच आहेत. ती शेवाळावर ढकलता येणार नाहीत.