भाकरीतलं लोह रक्तापर्यंत पोचतं का? शास्त्रज्ञ हे कसं तपासतात?

‘१०० ग्रॅम बाजरीत इतकं लोह!’ अशा पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येत असतील. आकडा बरोबर असू शकतो, पण तो धान्यातल्या लोहाचा असतो. बाजरीतली फायटेट आणि पॉलिफेनॉल ही द्रव्यं बरंचसं लोह आतड्यातच अडवून ठेवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना अ‍ॅनिमिया आहे. म्हणून ‘लोह किती आहे’ यापेक्षा ‘अंगी किती लागतं’ हे कळणं महत्त्वाचं. ते मोजायच्या पद्धती अशा:

१. काचेतलं पोट
आधी अन्न लॅबमध्ये पचवतात. ‘इन्फोजेस्ट’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तोंडासाठी २ मिनिटं, जठरासाठी २ तास आणि लहान आतड्यासाठी २ तास ठरलेले आहेत.

२. आतड्यासारख्या पेशी
हे पचलेलं अन्न ‘काको-२’ पेशींच्या संपर्कात आणतात. या पेशी मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या. पण सुमारे ३ आठवडे वाढवल्या की त्या लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागतात. लोह आत शिरलं की त्या फेरिटिन हे प्रथिन तयार करतात, तेच मोजतात. दोन वाणांची तुलना करायला ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. मात्र शरीरात लोह कमी असलं की आतडं ते जास्त शोषतं. भांड्यातल्या पेशींना हे कळत नाही.

३. मग उंदरांवर प्रयोग?
होतात, पण उंदरांच्या आतड्यात फायटेट तोडणारं एन्झाइम माणसापेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे लोहाच्या बाबतीत निष्कर्ष फसवे ठरू शकतात.

४. खूण केलेलं लोह
लोह-५७ आणि लोह-५८ हे लोहाचे निसर्गात कमी आढळणारे प्रकार आहेत. ते किरणोत्सारी नाहीत. जेवणात ते मिसळतात आणि साधारण १४ दिवसांनी रक्त तपासतात. नव्या तांबड्या पेशींत ते किती सापडले, यावरून शोषण कळतं. अशा खुणेच्या लोहाने कर्नाटकातल्या २ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जास्त लोहाच्या बाजरीतून मुलांनी खरोखरच जास्त लोह शोषलं होतं.

५. रोजचं ताट
शेवटची कसोटी खऱ्या जेवणाची. ग्रामीण महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचे चिठ्ठी काढल्यासारखे गट पाडले. एका गटाला साध्या, दुसऱ्याला जास्त लोहाच्या बाजरीचे पदार्थ ६ महिने रोज दोनदा दिले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, दुसऱ्या गटातला लोहाचा साठा ४ महिन्यांतच जास्त सुधारला होता.

जेवणात लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणासोबतच्या चहाने कमी, हेही माणसांवरच्या अशाच चाचण्यांतून समजलं.

तेव्हा पुढची पोस्ट शेअर करण्याआधी एवढंच बघा: आकडा धान्यातला आहे, पेशींतला की माणसाच्या रक्तातला?