कॅमेऱ्याच्या खुंट्या आणि त्यांची नावं



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटलं असेल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा सेन्सर आणि त्याचा ड्रायव्हर हे कुठून सुचलं? खरं सांगतो, एका फजितीतून सुचलं. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात माझं व्याख्यान झालं आणि त्याचं चित्रीकरण झालं. घरी येऊन बघतो तर माझ्या अंगावरून काळपट आडवे पट्टे सावकाश वर सरकतायत. बोलतोय कांटबद्दल आणि दिसतोय झेब्रा! संयोजकांनी ट्यूबलाइटला दोष दिला. पुढच्या वेळी ट्यूब बदलल्या, पट्टे तसेच. शेवटी चित्रीकरण करणाऱ्या मुलाने संगणकावर कॅमेऱ्याची एक यादी उघडली. तीत वीजपुरवठ्याच्या वारंवारतेची एक ओळ होती. तिथे ६० होते, त्याने ५० केले. पट्टे गेले!

आता हे काय झालं? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक हेलकावा. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. पण आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ करून टिपतो. प्रत्येक ओळीने पुरते १०, २० किंवा ३० मिलिसेकंद प्रकाश घेतला, तर सगळ्यांच्या वाट्याला सारखा प्रकाश येतो. नाहीतर एका ओळीला हेलकाव्याचा माथा मिळतो, दुसरीला पायथा. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, त्यामुळे तिथला हिशोब ८.३३ मिलिसेकंदांचा. आमचा कॅमेरा बसला होता इथे आणि समजत होता की आपण अमेरिकेत आहोत!

मला कुतूहल वाटलं ते त्या ओळीचं. ती ओळ तिथे लिहिली कोणी? कॅमेऱ्याला कोणत्या खुंट्या असाव्यात, त्यांना काय म्हणावं, त्या कोणत्या एककात पिळाव्यात, हे कोण ठरवतं? तंबोऱ्याची खुंटी पिळली की काय होतं हे कानाला कळतं. इथे खुंटी म्हणजे एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ कुणीतरी लिहून ठेवला नसेल, तर तो नुसता आकडाच राहतो. आज हा इतिहास सांगायचाय. उदाहरण लिनक्सचं घेतो, कारण तिथली भांडणंसुद्धा उघड्यावर झाली आहेत.

आधी दोन शब्द. सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणारी चिप. तिच्यात शेकडो रजिस्टरं असतात, म्हणजे आकडे ठेवायचे क्रमांक घातलेले कप्पे. अमुक कप्प्यात अमुक आकडा टाकला की चिप तशी वागते. हे आकडे जातात बहुधा दोन तारांच्या एका साध्या वाटेने. आयस्क्वेअरसी तिचं नाव, फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेली. आणि ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. एका बाजूला सॉफ्टवेअर म्हणतं, 'जरा उजळ कर', दुसऱ्या बाजूला हा कप्प्यात आकडे टाकतो. पण दुभाष्याला स्वतःची शब्दसंपत्ती लागते. ती आली कुठून?

टीव्हीवरून आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅलन कॉक्स यांनी लिनक्ससाठी 'व्हिडिओ फॉर लिनक्स' रचलं. नाव मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिडिओ फॉर विंडोज'वर बेतलेलं, आणि डोळ्यांसमोर होती संगणकात बसवायची टीव्हीची कार्डं. म्हणून त्यातल्या खुंट्या कोणत्या? ब्राइटनेस, ह्यू, कलर, कॉन्ट्रास्ट. जुन्या टीव्हीच्या दाराआडच्या चकत्या आठवा, त्याच त्या! प्रत्येकीची मोजपट्टी ० ते ६५५३५. तुमचं यंत्र कसंही असो, मोजपट्टी हीच. यंत्राला स्वतःबद्दल काही बोलायची मुभा नव्हती.

दुसरी आवृत्ती २००२ साली लिनक्सच्या विकासशाखेत आली. तिने एक मोठी गोष्ट केली, ती म्हणजे यंत्राला बोलतं केलं. सॉफ्टवेअर आता विचारू शकत होतं, तुझ्याकडे कोणत्या खुंट्या आहेत? सगळ्यात कमी किती, सगळ्यात जास्त किती, एकेक पायरी केवढी? ड्रायव्हर उत्तर देई. पहिली आवृत्ती २०११ साली काढून टाकली गेली. या दुसऱ्या आवृत्तीच्या दस्तऐवजात एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश घेण्याचा काळ, या खुंटीपुढे लिहिणाऱ्याने कंसात एक प्रश्न टाकून ठेवला, की याचं एकक काय? तो प्रश्न तिथे कित्येक वर्षं तसाच राहिला. मला तो कंस फार आवडतो. ज्याला माहीत नव्हतं त्याने माहीत नाही हे लिहून ठेवलं. आमच्या विद्यापीठीय प्रबंधांत असे कंस मी क्वचितच पाहिले.

मग आले यूएसबी वेबकॅम. त्यांच्यासाठी २००३ मध्ये एक सामायिक मानक आलं आणि तिथे प्रश्न बराच सुटला. एक्स्पोजरचं एकक ठरलं १०० मायक्रोसेकंद, १ म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग. माझ्या पट्ट्यांचा इलाज करणारी विजेच्या वारंवारतेची ओळही या मानकात आहे. पण ही सुटका का झाली? वेबकॅमच्या पोटातच दुसरी एक चिप बसून चित्र रांधते म्हणून. आपल्या पानात येतं ते वाढलेलं ताट. स्वयंपाकघर बंद.

फोनमध्ये ते स्वयंपाकघर उघडं पडलं. फोनचा सेन्सर तयार चित्र देत नाही. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेली रचना तुम्हाला ठाऊक असेल: प्रत्येक ठिपक्यावर एकच रंगीत काच, लाल, हिरवी किंवा निळी, आणि हिरव्या दुप्पट. सेन्सर हे एकरंगी ठिपके तसेच पुढे ढकलतो. त्यांचं चित्र करणं, उजेड बेतणं, पांढऱ्याला पांढरं ठरवणं हे सगळं बाहेर. नोकियाच्या एन९०० या लिनक्सवर चालणाऱ्या फोनने ही अडचण समोर आणली. एकच 'कॅमेरा' म्हणून दाखवता येईना. लोराँ पँशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नकाशा मांडायची सोय केली: हा सेन्सर, ही त्याची वाट, हा चित्र-प्रक्रियेचा भाग, प्रत्येकाच्या खुंट्या वेगळ्या. २०११ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली.

इथे माझ्यातला जुना मास्तर जागा होतो. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्षाचे दोन प्रकार, निर्विकल्पक आणि सविकल्पक. 'काहीतरी आहे' एवढंच ते पहिलं, 'हा घट आहे' हे दुसरं. सेन्सरचं 'रॉ' म्हणजे निर्विकल्पक आणि तयार चित्र म्हणजे सविकल्पक, असं म्हणायचा मोह मला झाला होता, एका ठिकाणी बोलूनही गेलो. ते चूक होतं. रॉ ठिपक्यांतही किती वेळ प्रकाश घ्यायचा, तो कितीपट वाढवायचा, सेन्सरचा कुठला तुकडा वाचायचा हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. तिथेही विकल्प आहेत. फक्त ते आकड्यांत लपलेले असतात.

आणि हे आकडे खरोखर लपलेले असतात. सेन्सरची सविस्तर माहितीपुस्तिका अनेक कंपन्या गुप्ततेच्या करारावर सही घेतल्याशिवाय देत नाहीत. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हाती काय पडतं? एक यादी. या कप्प्यात हा आकडा, त्या कप्प्यात तो, अशा शंभर ओळी, की एका विशिष्ट आकाराचं चित्र सेकंदाला ३० वेळा येतं. का येतं? माहीत नाही. लिनक्सच्या गाभ्यात सेन्सर-ड्रायव्हरबद्दल एक छोटा दस्तऐवज आहे, त्याचे आता दोन भाग आहेत, ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी एक आणि वापरणाऱ्यासाठी एक. त्यात सरळ सांगितलंय की ड्रायव्हर दोन जातींचे. एक जात मोकळी. तुम्ही मागाल तसा हिशोब करून ती सेन्सर लावते. दुसरी याद्यांवर चालणारी, तिच्यापाशी तयार बेत असतात आणि त्यांतलाच एक घ्यावा लागतो. हार्डवेअरमध्ये ज्या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, त्या यादीत एकत्र बांधलेल्या असतात. एकाला गुणाकार येतो, दुसऱ्याला पाढे पाठ आहेत, आणि तेही बे, तीन आणि पंधराचेच. सतरा चोक विचारा, गप्प.

गुणाकार कसा असतो तो दाखवतो. रास्पबेरी पायच्या २०१६ सालच्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स२१९ हा सेन्सर आहे, त्याच्या ड्रायव्हरमध्ये बराच काळ असलेले आकडे घेऊ. चित्र १९२० रुंद, १०८० उंच. पण छापील पानाला असतो तसा प्रत्येक ओळीला एक कोरा समास आहे, १५२८ ठिपक्यांचा, आणि पानाच्या तळाशी ६८३ ओळींचा दुसरा. याला म्हणतात ब्लँकिंग. हा शब्द काचेच्या मोठ्या नळीच्या टीव्हीतला. तिथे किरण ओळ संपवून परत फिरे तेव्हा पडदा कोरा ठेवावा लागे. नळी गेली, शब्द राहिला. आता १९२० अधिक १५२८, ३४४८. १०८० अधिक ६८३, १७६३. गुणाकार ६०,७८,८२४. सेन्सर सेकंदाला १८ कोटी २४ लाख ठिपक्यांच्या वेगाने चालतो. भागा. बरोब्बर ३० फ्रेम! अंधारात १५ फ्रेम चालतील, पण प्रत्येकीला जास्त प्रकाश हवा? मग तळाचा समास ६८३ ऐवजी २४४६ करा. हे सूत्र त्या दस्तऐवजात आहे. ज्याला ते कळलं त्याला यादीची गरज उरत नाही.

आणि माझे पट्टे? इथे एक्स्पोजर मोजतात ओळींत. एक ओळ ३४४८ ठिपक्यांची, म्हणजे जवळपास १८.९ मायक्रोसेकंद. तर १० मिलिसेकंद म्हणजे ५२९ ओळी. पण ही ५२९ ची संख्या समास बदलला की बदलते, सेन्सर बदलला की बदलते. ओळ हे एकक सेन्सरच्या दृष्टीने प्रामाणिक आहे, माणसाच्या दृष्टीने अडचणीचं. ते सेकंदांत बदलायचं तर समास आणि वेगही ड्रायव्हरने सांगितले पाहिजेत. म्हणून दस्तऐवजाचा त्यांच्यावर एवढा भर.

गेनचं तर विचारूच नका. प्रकाश कितीपट वाढवायचा, त्याची या सेन्सरमधली खुंटी ० पासून २३२ पर्यंत जाते. ड्रायव्हर हे प्रामाणिकपणे सांगतो. पण १२८ म्हणजे किती? दुप्पट. १९२ म्हणजे? चौपट. २३२ म्हणजे सुमारे १०.६७ पट. नियम असा: २५६ मधून तुमचा आकडा वजा करा आणि बाकीने २५६ ला भागा. दुसऱ्या सेन्सरचा नियम दुसरा. मोजपट्टी कळली, पट्टीवर काय कोरलंय ते नाही कळलं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या लिबकॅमेरा या प्रकल्पाला म्हणून प्रत्येक सेन्सरसाठी एक छोटा मदतनीस लिहावा लागतो, आणि हा नियम तिथे राहतो. आकडा एका घरी, अर्थ दुसऱ्या घरी!

काळाचा गुंता वेगळाच. खुंटी आत्ता पिळली तरी परिणाम आत्ताच्या फ्रेमवर होत नाही. एक-दोन फ्रेम उलटाव्या लागतात, आणि एक्स्पोजर व गेन यांचा उशीर सारखाच असेल असंही नाही. मग समोर आलेली फ्रेम कोणत्या आकड्यांनी घेतली, कसं कळणार? स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१० मध्ये 'फ्रँकनकॅमेरा' बांधला, नोकियाचा तोच एन९०० घेऊन. त्यांचं म्हणणं असं की मागणी फ्रेमबरोबर पाठवा आणि प्रत्यक्षात काय झालं ते फ्रेमबरोबरच परत आणा. २०१४ च्या अँड्रॉइडमध्ये हीच पद्धत आली. लिबकॅमेराही उशीर मोजून हेच साधतो.

एक गंमत सांगतो. कॅमेरा उलटा बसवलाय म्हणून चित्र सेन्सरमध्येच १८० अंशांत फिरवा. रंगीत काचांचा क्रमही फिरतो, लाल जिथे अपेक्षित तिथे निळा येतो. ड्रायव्हरने क्रम बदलल्याचं सांगितलं नाही, तर माणसं निळी दिसतात. काही बिघडलेलं नसतं, सांगायचं राहिलेलं असतं.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. सेन्सरचं अंतरंग उघड केलं की स्पर्धकाला आयतं मिळतं, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मधला मार्ग आहे. मोबाइल उद्योगाच्या मिपी या संघटनेने २०१७ मध्ये सेन्सरच्या आज्ञांचं एक सामायिक मानक काढलं. त्यात सेन्सर स्वतःच्या मर्यादा कप्प्यांत लिहून ठेवतो आणि ड्रायव्हर त्या वाचून हिशोब करतो. लिनक्समध्ये त्याचा मोकळ्या जातीचा ड्रायव्हर आहे. बाजारात मात्र मला याद्याच जास्त दिसतात. यादी महिन्याभरात चालू होते, आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला की पाच वर्षांनी तिच्यातली एक ओळ बदलायलाही कुणी धजत नाही. तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत असा एक मजकूर असतो, जो पाठ आहे सगळ्यांना आणि कळत नाही कुणालाच. पोथी हातात, अर्थ सांगणारे गेले, असं मी आजवर ग्रंथांच्या बाबतीतच म्हणत होतो.

असो. आज इथे आल्या आल्या मी मागे कॅमेऱ्याशी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "बाबा, ५० केलंस ना?" तो म्हणाला, "सर, यात ती ओळच नाहीये. एक्स्पोजर हाताने बसवलाय, सेकंदाचा पन्नासावा भाग." म्हणजे २० मिलिसेकंद, दोन पुरते हेलकावे. चालेल. आता प्रश्न घेऊ या, माइक तिकडे मागे द्या.