जुन्या मोटारीतील दोष आणि ग्राहकाचे हक्क (भारत)

व्यावसायिक विक्रेत्याकडून (डीलरकडून) विकत घेतलेली वापरलेली मोटारगाडी सदोष निघाल्यास खरेदीदाराला भारतीय कायद्यानुसार दुरुस्ती, किमतीचा परतावा किंवा नुकसानभरपाई मागता येते. जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठी भारतात स्वतंत्र ग्राहक कायदा नाही. हे हक्क मुख्यतः ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. माल विक्री अधिनियम, १९३०. भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ या चार कायद्यांतून एकत्रितपणे निर्माण होतात. गाडी जुनी आहे एवढ्यावरून विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. मात्र तिच्यातील प्रत्येक बिघाड हा कायद्याच्या दृष्टीने दोषही ठरत नाही. विक्रेत्याने गाडीविषयी काय सांगितले, काय लपवले आणि त्यांपैकी काय लेखी स्वरूपात उपलब्ध आहे, यावर बहुतेक वादांचा निकाल अवलंबून असतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची, हे इंग्लिश कायद्यातून आलेले जुने तत्त्व माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ मध्ये मूळ नियम म्हणून स्वीकारलेले आहे. मात्र त्याच कलमात या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. खरेदीदाराने आपला विशिष्ट उद्देश विक्रेत्याला कळवला असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असेल, तर ती वस्तू त्या उद्देशासाठी योग्य असली पाहिजे. त्याचप्रमाणे, त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे. परंतु खरेदीदाराने वस्तू स्वतः तपासली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसावयास हवे होते अशा दोषांना हे संरक्षण मिळत नाही. दारावरचा पोचा किंवा झिजलेला टायर याबद्दल नंतर तक्रार करणे म्हणूनच अवघड असते. इंजिन उघडल्याखेरीज न कळणारा दोष मात्र या मर्यादेत येत नाही.

कलम १२ नुसार करारातील अटी दोन प्रकारच्या असतात. मुख्य अट मोडल्यास खरेदीदार वस्तू नाकारू शकतो. दुय्यम हमी मोडल्यास त्याला केवळ नुकसानभरपाई मागता येते. वस्तू एकदा स्वीकारल्यानंतर मुख्य अटीचा भंगही सामान्यतः हमीचा भंग म्हणूनच गणला जातो (कलम १३). त्यामुळे दोष लक्षात आल्यावरही तक्रार न करता गाडी दीर्घकाळ वापरत राहिल्यास ती परत करण्याचा दावा दुबळा होतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ने अशा वादांसाठी दिवाणी न्यायालयापेक्षा सोपी यंत्रणा उभी केली. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अमलात आला. या कायद्यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांना पूरक असून त्यांना बाधा आणत नाहीत (कलम १००).

ग्राहकाची व्याख्या

मोबदला देऊन वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक असते. वस्तू नवी असावी अशी अट नाही. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा या व्याख्येत येत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही. त्यामुळे स्वतः चालवण्यासाठी एकच जुनी टॅक्सी घेणारा चालक ग्राहक ठरू शकतो; भाड्याने देण्यासाठी गाड्यांचा ताफा उभारणारा व्यावसायिक ठरत नाही.

ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो व्यापारी असणेही आवश्यक आहे. शेजाऱ्याने किंवा सहकाऱ्याने आपली गाडी विकली, तर तो व्यापारी नसतो. अशा वादात सामान्यतः दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

दोष आणि झीज

अधिनियमाच्या कलम २(१०) प्रमाणे वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत आढळणारी उणीव म्हणजे दोष. हे मानक कायद्याने, कराराने किंवा व्यापाऱ्याने केलेल्या दाव्याने ठरलेले असते. जुन्या गाडीच्या बाबतीत यांतील शेवटचा घटक निर्णायक ठरतो. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लचप्लेट काही महिन्यांत बदलावी लागणे ही वापराची स्वाभाविक झीज मानली जाते. मीटर मागे फिरवून तीच गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून विकली असेल, तर व्यापाऱ्याच्या दाव्याशी वस्तू जुळत नाही.

वारंवार वादाचे कारण होणारे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

• ओडोमीटरवरील आकड्यात फेरफार
• मोठा अपघात झाल्याची किंवा गाडी पुराच्या पाण्यात बुडाल्याची माहिती लपवणे
• उत्पादनाचे वर्ष किंवा मालकांची संख्या चुकीची सांगणे
• इंजिन अथवा चॅसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी न जुळणे
• गाडीवरील कर्जाचा बोजा न फेडताच विक्री करणे
• चोरीची गाडी विकणे

शेवटच्या प्रकारात प्रश्न दोषापुरता राहत नाही. विक्रेत्याला स्वतःलाच मालकी नसेल, तर सर्वसाधारणपणे खरेदीदारालाही ती मिळत नाही. अशा वेळी ग्राहक आयोगाबरोबरच पोलिसांकडे तक्रार करणे आवश्यक होते.

विक्रेत्याचे निवेदन आणि मौन

वस्तूच्या दर्जाविषयी खोटे निवेदन करणे किंवा जुनी, दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. विकलेल्या वस्तूचे बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे यांचाही तिच्यात समावेश होतो. परताव्याची मुदत बिलात नमूद नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते.

विक्रेता खोटे बोलला नाही, पण काही बोललाच नाही, तर काय, याचे उत्तर करार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये मिळते. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असा त्यातील सर्वसाधारण नियम आहे. तो स्पष्ट करण्यासाठी १८७२ च्या या कायद्यात घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिलेली आहेत. घोडा सदोष असल्याचे ठाऊक असूनही लिलावात गप्प राहणारा विक्रेता कपट करत नाही. परंतु ‘तुम्ही नाकारले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, असे खरेदीदाराने म्हटल्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासमान ठरते. घोड्याच्या जागी मोटार आली तरी तत्त्व बदललेले नाही. ‘या गाडीला अपघात झाला आहे का?’, ‘ती पाण्यात बुडाली होती का?’ असे प्रश्न लेखी विचारल्यास विक्रेत्याच्या उत्तराला आणि प्रसंगी त्याच्या मौनालाही कायदेशीर अर्थ प्राप्त होतो.

‘जशी आहे तशी’ विक्री

अनेक विक्री पावत्यांवर गाडी ‘जशी आहे तशी’ विकली असल्याचे छापलेले असते. माल विक्री अधिनियमाच्या कलम ६२ नुसार गर्भित अटी परस्परसंमतीने वगळता येतात. म्हणून असे कलम सर्वस्वी निरर्थक नाही. तथापि त्याच्या आधारे जाणूनबुजून केलेली फसवणूक वैध ठरत नाही. शिवाय ग्राहकाच्या हक्कांत मोठी घट घडवणारा करार २०१९ च्या अधिनियमात ‘अनुचित करार’ मानला जातो. अशा करारातील जाचक अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे.

उत्पादक कंपनीची जबाबदारी

गाडी सदोष निघाली की विक्रेत्याबरोबर उत्पादक कंपनीलाही प्रतिपक्ष करण्याची प्रथा आहे. मात्र कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ मध्ये तयार झालेली आणि आधी वापरलेली गाडी दिल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असून विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचे सिद्ध झाले नाही, या कारणास्तव न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले.

अधिनियमातील ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण वेगळ्या प्रकारच्या हानीसाठी आहे. सदोष ब्रेकमुळे अपघात होऊन कोणी जखमी झाल्यास ते लागू होऊ शकते. खुद्द गाडीचे झालेले नुकसान त्या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येत येत नाही.

नोंदणी आणि परवानाधारक विक्रेते

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार नोंदणीकृत वाहनांचा व्यापार करणाऱ्यांना प्राधिकारपत्र घ्यावे लागते. त्याची मुदत पाच वर्षांची असते. मूळ मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ‘मी केवळ मध्यस्थ होतो’ हा विक्रेत्याचा नेहमीचा बचाव तपासताना या नोंदी उपयोगी पडतात.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे मालकी हस्तांतराची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याच्या बाबतीतही काळजी आवश्यक असते. त्रयस्थ पक्षासंबंधीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमापत्र नावावर करून घेतल्याखेरीज मिळत नाही.

दाद मागण्याची पद्धत

दोष आढळल्यावर प्रथम विक्रेत्याला लेखी कळवणे इष्ट असते. प्रतिसाद न मिळाल्यास १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन समेटाचा प्रयत्न करते. बंधनकारक आदेश देण्याचा अधिकार मात्र आयोगालाच आहे.

आयोगाची अधिकारकक्षा ग्राहकाने दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे, ५० लाखांपेक्षा अधिक व २ कोटींपर्यंतच्या राज्य आयोगाकडे आणि त्यावरील राष्ट्रीय आयोगाकडे जातात. साहजिकच जुन्या गाड्यांचे जवळजवळ सर्व वाद जिल्हा आयोगापुढे येतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. ५ ते १० लाखांसाठी ते २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यामुळे पुण्यात गाडी घेतलेल्या लातूरच्या रहिवाशाला लातूरमध्ये दाद मागता येते.

वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते (कलम ६९). पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

पुरावा

दोष असल्याचे आणि तो विक्रीच्या वेळीच अस्तित्वात असल्याचे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो. चाचणीखेरीज दोष ठरवणे शक्य नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागते. गाडी घाईने दुरुस्त करून घेतल्यास आणि बदललेले भाग टाकून दिल्यास तपासण्यासारखे काही उरत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे, जाणकार अभियंत्याचा लेखी अहवाल आणि विक्रेत्याला दिलेली सूचना यांना महत्त्व असते. विक्रीची जाहिरात, संदेशांची देवाणघेवाण, बिल, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, अधिकृत सेवाकेंद्रातील जुने देखभाल तपशील आणि विमा दाव्यांचा इतिहास ही इतर उपयुक्त साधने आहेत. मीटरमधील फेरफार बहुधा देखभाल नोंदींवरूनच उघड होतो, कारण प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटरचा आकडा तेथे नोंदलेला असतो.

मिळू शकणारे आदेश

कलम ३९ नुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा तसेच नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. प्रत्येक जुनी गाडी वेगळी असल्यामुळे तिला तंतोतंत पर्याय सापडत नाही. साहजिकच दुरुस्तीचा खर्च किंवा परतावा हे अधिक व्यवहार्य उपाय ठरतात. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान २५ हजार ते कमाल एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात (कलम ७२).

इतर देशांतील तरतुदी

युनायटेड किंग्डममध्ये ग्राहक हक्क अधिनियम, २०१५ जुन्या गाड्यांनाही लागू आहे. विक्रीच्या वेळीच सदोष असलेली गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण किंमत मागता येते. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागताना, सहा महिन्यांच्या आत आढळलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. अमेरिकेत विक्रेत्याला गाडीवर माहितीपत्रक लावून ती हमीसह विकली जात आहे की ‘जशी आहे तशी’, हे खरेदीपूर्वीच जाहीर करावे लागते. भारतीय कायद्यात जुन्या गाड्यांसाठी असे गृहीतक किंवा माहितीपत्रकाची सक्ती नाही. परिणामी विक्रेत्याकडून लेखी निवेदन मिळवण्याची आणि दोष सिद्ध करण्याची, अशा दोन्ही जबाबदाऱ्या येथे खरेदीदारालाच उचलाव्या लागतात.