टीव्हीतला काळा रंग आणि बाजाराचा निकाल

दुकानात विक्रेता एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावे भराभर सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, चांगले तंत्र आले आणि वाईट मागे पडले. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

प्लाझ्मा पडद्याचा जन्म १९६४चा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षण प्रकल्पासाठी बनवला. टीव्हीचा विचार नंतरचा. दोन काचांमध्ये वायूचे बारीक कप्पे असतात. वीज मिळाली की कप्पा उजळतो, अंधार हवा तिथे जवळपास विझतो.

एलसीडीचे उलटे. आरसीए कंपनीने जॉर्ज हेलमायर यांच्या गटाचे हे काम १९६८मध्ये जगासमोर मांडले. यात द्रव स्फटिक स्वतः उजळत नाहीत. टीव्हीत ते मागच्या दिव्याचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात आणि अडवूनही थोडा झिरपतोच. म्हणून रात्रीचे दृश्य राखाडी दिसते. पिक्चर ट्यूबवर कमाई करणाऱ्या आरसीएला हे तंत्र तडीस नेण्याइतका धीर नव्हता. जपानच्या शार्पने ते १९७३मध्ये खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये वापरले आणि १९८८मध्ये १४ इंची रंगीत पडदा तयार केला.

२०००नंतर दोघे समोरासमोर आले. अंधाऱ्या खोलीत प्लाझ्मा सरस होता. पायोनियरने तर आपल्या टीव्हीचे नावच ‘कुरो’ ठेवले. जपानीत त्याचा अर्थ काळा. पण गिऱ्हाईक टीव्ही निवडते ते दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली आणि तिथे प्लाझ्मा फिका वाटायचा. तो वीजही जास्त खायचा, वजनानेही जड होता, हे खरेच. तरी माझ्या मते घरातल्या चित्राचा निकाल दुकानात लागला. पायोनियरने २००९मध्ये टीव्हीतून माघार जाहीर केली, पॅनासॉनिकने २०१३अखेर प्लाझ्मा थांबवला.

‘एलईडी टीव्ही’ हे नाव तर निव्वळ फसवे. पडदा एलसीडीचाच, फक्त मागच्या नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले. क्यूएलईडीतही पडदा तोच, रंग खुलवणारा थर तेवढा वाढला.

खरोखर वेगळा तो ओएलईडी. कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याचा पाया १९८७च्या शोधनिबंधात घातला. सोनीने २००७मध्ये ११ इंची संच विकायला काढला. कोडॅकने मात्र हा व्यवसाय २००९मध्ये एलजीला विकून टाकला. (शोध एकाचा, कमाई दुसऱ्याची, हे इथेही.) ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. प्लाझ्माचा गुण परत आला, तसा दोषही: एकच चित्र तासन्‌तास राहिले तर डाग पडू शकतो.

दिवसभर बातम्यांची वाहिनी चालणाऱ्या, उन्हाने भरलेल्या हॉलमध्ये चांगला एलसीडी बरा. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्याने परवडत असेल तर ओएलईडी घ्यावा. दुकानात संच बहुधा भडक मोडवर असतो. तो साध्या मोडवर आणायला सांगा आणि अंधारातले एखादे दृश्य लावून बघा.